फोन काढून घेतील, या भीतीने मूल गप्प बसते

दहावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांतल्या अनेक घरांत मुलासाठी किंवा मुलीसाठी फोन येतो. कधी हप्त्यावर घेतलेला नवा, कधी काकाने वापरून दिलेला. अकरावीचा प्रवेश ऑनलाइन, शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाइन, क्लासच्या नोट्स व्हॉट्सॲपवर. फोन नको म्हणून चालत नाही आणि तसे आम्ही म्हणतही नाही. पण मुलाला सायकल दिली तर आपण चार दिवस मागून धरून पळतो. फोन मात्र सिमकार्ड घालून हातात देतो आणि “नीट वापर” एवढे सांगून मोकळे होतो.

आरोग्याच्या पानावर फोनचा विषय कशासाठी, असे कोणी विचारेल. चौदा-पंधरा वर्षांचे मूल सारखे पोट दुखते म्हणते, जेवण टाकते, रात्री जागे राहते, शाळेत जायला नको म्हणते आणि डॉक्टरांना तपासणीत काही सापडत नाही, तेव्हा पालकांना आम्ही एक प्रश्न हमखास विचारायला सांगतो: फोनवर काही झाले आहे का? उत्तर दर वेळी ‘हो’ नसते. पण हा प्रश्न घरात कोणी विचारलेलाच नसतो.

‘प्रथम’ संस्थेच्या २०२४ च्या ‘असर’ पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील १४ ते १६ वयाच्या मुलांना फोनबद्दल विचारले होते. सुमारे ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरलेली मुले ५७ टक्के, तर समाजमाध्यमांसाठी वापरलेली ७६ टक्के होती. समाजमाध्यमे वापरणाऱ्यांपैकी ६२ टक्के मुलांना एखादे खाते ब्लॉक किंवा रिपोर्ट कसे करायचे ते माहीत होते, आपले खाते ‘प्रायव्हेट’ करणे ५५ टक्के मुलांना जमत होते आणि पासवर्ड बदलणे ५८ टक्के मुलांना. शहरातल्या वस्त्यांचे चित्र फार वेगळे असेल असे आम्हाला वाटत नाही. म्हणजे कुठले बटण कुठे आहे हे निम्म्याहून जास्त मुलांना कळते. आमची काळजी त्यापुढची आहे. अडचण आली की त्या वेळी मूल एकटे असते आणि घरात कोणाला सांगायची त्याची हिंमत होत नाही.

शाळांच्या परिपत्रकांत यासाठी ‘डिजिटल नागरिकत्व’ असा जड शब्द येतो. त्याचा साधा अर्थ असा, की आपण चौकात जसे वागतो, जसे आपले हक्क सांगतो आणि दुसऱ्याचा मान राखतो, तसेच फोनवरही वागायचे. फोनवरचा चौक खूप मोठा आहे आणि तिथे बोललेले पुसले जात नाही, एवढाच फरक.

धमकी कशी येते

सगळ्यात जास्त जीव घाबरा करणारा प्रकार म्हणजे फोटोवरून धमकी. तो कसा घडतो हे पालकांनी नीट समजून घ्यावे, कारण त्यात मूल ‘बिघडलेले’ असावे लागत नाही.

मुलांच्या बाबतीत बहुतेक वेळा असे होते. एका अनोळखी मुलीच्या नावाने इन्स्टाग्रामवर किंवा फेसबुकवर मैत्रीची विनंती येते. दोन दिवस गोड बोलणे होते, मग व्हॉट्सॲप नंबर मागितला जातो. रात्री व्हिडिओ कॉल येतो. समोर एक आधीच काढून ठेवलेला अश्लील व्हिडिओ चालवलेला असतो. मुलाचा चेहरा पडद्यावर दिसतो तेवढे त्यांना पुरे होते, ते सगळे रेकॉर्ड करतात. पाच मिनिटांत मुलाला त्याच्याच मित्रांची, नातेवाइकांची यादी पाठवली जाते: इतके पैसे टाक, नाहीतर या सगळ्यांना पाठवतो. काही वेळा दुसऱ्या दिवशी ‘पोलीस अधिकारी’ बोलतोय म्हणून तिसराच माणूस फोन करतो आणि प्रकरण मिटवायचे वेगळे पैसे मागतो. हे टोळ्यांचे काम आहे. त्यांना तुमच्या मुलाशी वैर नाही, ते एकाच दिवसात अनेकांना असे फोन लावतात.

मुलींच्या बाबतीत धमकी देणारा बऱ्याचदा ओळखीचा असतो. आधी मैत्री होती, विश्वासाने फोटो दिला होता, मग बोलणे थांबले आणि तोच फोटो हत्यार झाला. किंवा फोटो दिलाच नव्हता. जयंतीच्या मिरवणुकीतला, पांढऱ्या साडीतला साधा डीपी उचलला आणि आता फुकट मिळणाऱ्या ॲपवर त्याचा नग्न फोटो तयार केला. हा खोटा फोटो इतका खरा दिसतो की आईलाही क्षणभर शंका येते. त्या क्षणभराच्या शंकेचे ओझे मुलीच्या मनावर पुढे कितीतरी दिवस राहते.

आता मूल काय करते? ते सांगत नाही. का नाही, हे मुलांना विचारले तर कारणे फार सरळ आहेत. “पप्पा मारतील.” “फोन काढून घेतील, मग अभ्यास कशावर करू?” मुली म्हणतात, “कॉलेज बंद करतील आणि लग्नाचं बघायला लागतील.” ही भीती खोटी आहे असे आपण छातीवर हात ठेवून म्हणू शकतो का? आपल्याच गल्लीत अशी एखादी मुलगी असते, जिचे शिक्षण दुसऱ्याने केलेल्या गुन्ह्यामुळे थांबले. धमकी देणाऱ्यालाही हे पक्के माहीत असते. त्याच्या हातातला फोटो एकटा काही करू शकत नाही, तो घरच्यांच्या रागावर विसंबून असतो. मूल आईच्या पाकिटातून पैसे काढते, मैत्रिणीकडून उसने घेते, सोन्याची बाळी हरवली म्हणते. पैसे दिले की मागणी वाढते. काही मुले या चक्रात जिवाचे बरेवाईट करून घेण्यापर्यंत पोचतात. म्हणूनच हा विषय आरोग्याचा आहे.

घरात आधी बोलून ठेवायचे

म्हणून पहिला धडा मुलांचा नाही, आपला आहे. फोन हातात देतानाच आई आणि वडील दोघांनी मिळून मुलाला सांगावे: “फोनवर काहीही झालं, तुझ्या हातून काही चूक झाली तरी, आधी आम्हाला सांग. आम्ही मारणार नाही. तुझी शाळा बंद होणार नाही. फोन कायमचा काढून घेणार नाही.” एकट्या आईने सांगून भागत नाही. आई समजून घेईल पण पप्पांना कळले तर, ही भीती तशीच राहते. जिथे घराचा कारभार आजी किंवा मोठा भाऊ बघतो तिथे त्यांनीही हे ऐकलेले असावे.

आणि मूल खरोखर सांगायला आले तर तोंडातून पहिले वाक्य काय निघते, याला फार मोल आहे. “तुला आधीच सांगितलं होतं” हे वाक्य गिळून टाकावे. “सांगितलंस ते बरं केलंस, आता आपण मिळून बघू” एवढे म्हणावे. राग येणे माणसाचे आहे. तो राग गुन्हेगारासाठी ठेवा.

दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे असताना असले बोलणे कुठे करायचे, हा खरा प्रश्न आहे. बाजारात जाता-येता, दळण आणताना, विहारातून परतताना मूल एकटे सोबत असेल तेव्हा विषय काढावा. चालताना एकमेकांच्या डोळ्यांत बघावे लागत नाही, त्यामुळे मुले मोकळी बोलतात. काही गोष्टी तरीही आई-वडिलांना सांगवत नाहीत. त्यासाठी मुलाशी बोलूनच दुसरा एक मोठा माणूस ठरवून ठेवावा: मावशी, आत्या, अभ्यासिकेतले सर, आशा ताई. अट एकच, त्या माणसाच्या पोटात गोष्ट राहिली पाहिजे. वस्तीत बातमी एका नळावरून दुसऱ्या नळावर जायला वेळ लागत नाही.

धमकी आलीच तर पैसे देऊ नयेत, एक रुपयाही नाही. चॅट पुसू नये. घाबरून मुले आधी सगळे डिलीट करतात आणि पुरावा जातो. धमकीच्या मेसेजचे, समोरच्याच्या खात्याच्या नावाचे, नंबरचे, पैसे मागितलेल्या यूपीआय आयडीचे स्क्रीनशॉट घ्यावेत, खात्याची लिंक कॉपी करून ठेवावी, कारण ही मंडळी नाव बदलतात. मग ते खाते रिपोर्ट करून ब्लॉक करावे. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी: मुलाचा किंवा मुलीचा तो फोटो ‘पुरावा’ म्हणून काकाला, मामाला, मंडळाच्या ग्रुपवर कोणालाही पाठवू नये. अठरा वर्षांखालील मुलाचे तसले चित्र पुढे पाठवणे हा गुन्हाच आहे, हेतू चांगला असला तरी त्याने नुकसान वाढते. पोलिसांना फोन दाखवावा.

फोटो पसरू नये म्हणून एक चांगली सोय आहे, ती फारशी कोणाला ठाऊक नाही. ‘टेक इट डाऊन’ नावाची एक मोफत सेवा अठरा वर्षांखालील मुलांच्या फोटोंसाठी आहे आणि ‘स्टॉप एनसीआयआय’ ही मोठ्यांसाठी. या सेवा फोटो मागून घेत नाहीत. आपल्याच फोनमध्ये त्या फोटोची एक आकड्यांची खूण तयार होते, बोटाच्या ठशासारखी, आणि फक्त ती खूण फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या सहभागी कंपन्यांकडे जाते. कोणी तोच फोटो तिथे टाकायला गेला की यंत्रणा तो ओळखून अडवू शकते. व्हॉट्सॲपच्या खासगी चॅटमध्ये मात्र याचा उपयोग होत नाही. याशिवाय, नग्न किंवा बनावट नग्न फोटोबद्दल पीडित व्यक्तीने स्वतः तक्रार केली तर तो काढायला कंपन्यांना २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी २४ तासांची मुदत घालून दिली. तेव्हा ‘आता काय उपयोग’ म्हणून हातपाय गाळू नयेत.

पोलीस ठाण्याची पायरी

आपल्या लोकांना पोलीस ठाण्याची पायरी चढायची धास्ती असते, आणि तिला कारणेही आहेत. म्हणून कायदा काय म्हणतो ते पाठ असलेले बरे.

मूल अठरा वर्षांखालील असेल तर २०१२ चा बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा, म्हणजे पोक्सो, लागू होतो. मुलाचा खरा किंवा बनवलेला फोटो पसरवण्याची नुसती धमकी देणे हासुद्धा या कायद्यात गुन्हा आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरे वाटेल त्या जागी घ्यायचा, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने घ्यायचा, आणि जबाब घेणारा अधिकारी गणवेशात नसावा, असे कायद्यात लिहिलेले आहे. मुलाला रात्री ठाण्यात थांबवता येत नाही. त्याचे नाव, शाळा, पत्ता वर्तमानपत्रात छापता येत नाही. “ही आमची हद्द नाही” हे उत्तरही आता चालत नाही. कोणत्याही ठाण्याला तक्रार नोंदवून ती योग्य ठाण्याकडे पाठवावी लागते.

ठाण्यात जाण्याआधी ‘सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन’ या सरकारी पोर्टलवर घरूनच तक्रार करता येते. महिला आणि मुलांवरील अशा गुन्ह्यांत नाव न देताही माहिती देण्याची सोय तिथे आहे. पण पुढे कारवाई हवी असेल तर नाव देऊन तक्रार केलेली बरी, असे आमचे मत आहे. ठाण्यात जाताना एकट्या आईला पाठवू नका. सोबत शिकलेली दोन माणसे असावीत आणि तक्रारीची पोच घेतल्याशिवाय उठू नये.

आता दुसरी बाजू. प्रत्येक वेळी आपलेच मूल पीडित असते असे नाही. वर्गातल्या मुलीचा फोटो मित्राने पाठवला आणि आपल्या मुलाने हसत हसत चार ग्रुपवर टाकला, असेही घडते. मुलांना हे स्पष्ट शब्दांत सांगावे, की अठरा वर्षांखालील कोणाचेही अश्लील चित्र पाठवणे, डाऊनलोड करणे, साठवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये अशी चित्रे जवळ बाळगण्याबद्दलही कडक निकाल दिला आहे. करणारा स्वतः अठराच्या आतला असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते, पण ती मुलगी रोज त्याच वर्गात बसते हे त्याहून आधी सांगायला हवे. ग्रुपवर असे काही आले तर ते पुढे न पाठवणे, मोठ्यांना सांगणे आणि त्या मुलीला एकटे न पाडणे, एवढे मुलांना जमते.

बाबासाहेबांबद्दल घाण लिहिलेले दिसते तेव्हा

जयंती जवळ आली, आरक्षणावर काही निकाल लागला, की रील्सच्या खाली जातिवाचक शिव्यांचा पाऊस पडतो. आपली मुले ते वाचतात. पंधरा वर्षांच्या पोराने रात्री एक वाजता अंथरुणात पडून आपल्या जातीबद्दल, बाबासाहेबांबद्दल शेकडो घाणेरड्या ओळी वाचायच्या आणि सकाळी सातला त्याच गावातल्या मुलांबरोबर बाकावर बसायचे, याचा मनावर काय परिणाम होतो हे आपण मोठ्यांनी गृहीत धरलेलेच नाही. पोरगा चिडचिडा झाला, वर्गात कोणाशी बोलेना, एवढेच आपल्याला दिसते.

मुले मग उत्तर देतात, आणि त्याच भाषेत देतात. हे प्रकरण अंगाशी येते. त्यांची शिवी तेवढी स्क्रीनशॉट होऊन फिरते. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलावर गुन्हा दाखल झाला तर चारित्र्य पडताळणीच्या वेळी तो आडवा येतो. नंतर सुटका झाली तरी मधली वर्षे गेलेली असतात.

आपल्या हातात शिवीपेक्षा धारदार हत्यार आहे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात अनुसूचित जातीच्या व्यक्तीचा चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान हा गुन्हा आहे. इंटरनेटवरची जाहीर शिवीगाळही त्यात येते असे केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले. २०१५ च्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट झाली: अनुसूचित जाती-जमातींना ज्यांच्याबद्दल अत्यंत आदर आहे अशा दिवंगत व्यक्तीचा लिहून, बोलून किंवा अन्य मार्गाने अनादर करणे हाही गुन्हा ठरला. या कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो. मुलांना शिकवायचे ते हे: वाद घालू नकोस, स्क्रीनशॉट घे, लिंक, तारीख, वेळ लिहून ठेव, अभ्यासिकेत आणून दे. पुढचे मोठी माणसे बघतील. त्या रात्री मात्र फोन बंद करून झोप. ‘मी उत्तर दिलं नाही तर माझा समाज हरला’ असे मुलाला वाटत असते, ते ओझे त्याच्या डोक्यावरून उतरवायला हवे.

फॉरवर्डचा विषयही इथेच सांगून टाकतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्यात, पाच माणसांना जमावाने ठेचून मारले. ती माणसे नाथपंथी डवरी गोसावी समाजाची होती, भिक्षेसाठी फिरत होती. मुले पळवणारी टोळी आली आहे, असे मेसेज त्या दिवसांत व्हॉट्सॲपवर फिरत होते. मारले गेलेले भटके, गरीब, परक्या गावात कोणी ओळखत नसलेले. अफवा नेहमी अशाच माणसांवर जाऊन पडते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. आपण आपल्या मुलांना याहून सोपा नियम द्यावा: कोणी लिहिले, कुठे घडले, कधी घडले, हे तीन प्रश्न सुटत नसतील तर मेसेज आपल्याच फोनमध्ये थांबवायचा. आणि आजोबांनी पाठवलेला असला तरी थांबवायचा.

शिष्यवृत्ती, भाड्याचे खाते आणि झोप

पैशांच्या फसवणुकीबद्दल इतरत्र पुष्कळ लिहिले जाते, म्हणून थोडक्यात. शिष्यवृत्तीचे अर्ज सुरू झाले की ‘तुमची शिष्यवृत्ती मंजूर, खाली क्लिक करा’ असे मेसेज येतात. महाडीबीटीच्या पोर्टलवर स्वतः जाऊन बघावे, मेसेजमधल्या लिंकवरून नाही. पैसे मिळायचे असतील तर पिन टाकावा लागत नाही. पिन फक्त पैसे जाताना लागतो. एवढे एक वाक्य घरातल्या प्रत्येकाला पाठ असावे. दहावीची गुणपत्रिका, जातीचा दाखला, आधार कार्ड कौतुकाने स्टेटसवर टाकू नये. त्यावरच्या नावांनी आणि आकड्यांनीच ‘मी समाजकल्याण कार्यालयातून बोलतोय’ म्हणणाऱ्याला खरेपणा येतो.

एक गोष्ट मात्र नवी आहे आणि थेट आपल्या तरुणांना गाठते. कॉलेजच्या मुलाला कोणीतरी म्हणतो, तुझे बँक खाते आणि एटीएम कार्ड थोडे दिवस दे, दोन-पाच हजार मिळतील, काही करायचे नाही. त्या खात्यावर फसवणुकीचा पैसा येतो आणि पुढे जातो. पोलीस माग काढत येतात तेव्हा कागदावर नाव या मुलाचे असते. खाते गोठते, त्याच खात्यात येणारी शिष्यवृत्तीही अडकते आणि मुलगा आरोपी होतो. ‘भाड्याने खाते’ हा शब्द ऐकला की तिथून उठून यावे, एवढे प्रत्येक बारावी पास मुलाला सांगा.

झोपेचे काय करायचे? तेरा ते अठरा वयाच्या मुलांना रात्री आठ ते दहा तास झोप लागते. रील्स संपत नाहीत, त्या संपू नयेत अशाच बनवलेल्या आहेत. म्हणून मुलाच्या निर्धारावर सोडून चालत नाही. रात्री दहानंतर घरातले सगळे फोन एकाच जागी, मांडणीवर किंवा दाराजवळच्या स्विचला चार्जिंगला लावावेत आणि गजरासाठी साधे घड्याळ आणावे. सगळे फोन म्हणजे पप्पांचाही. एकाच खोलीत मोठा माणूस एकपर्यंत आवाज लावून व्हिडिओ बघत असेल तर पोराला झोप कशी येणार?

वर्ग कसा घ्यावा

विहारात किंवा अभ्यासिकेत रविवारी दीड तास काढला तरी बरेच होते. भाषण ठेवू नका. मुले भाषणात टाळ्या वाजवतात आणि रात्री पुन्हा तेच करतात.

फळ्यावर एक काल्पनिक फोटो लिहून काढा: गणवेशातली मुलगी, मागे गल्लीचा फलक, खाली ‘रोज संध्याकाळी सहाला क्लास’. अनोळखी माणसाला यातून काय काय कळले ते मुलांनाच सांगू द्या. पाच मिनिटांत शाळा, पत्ता आणि वेळ फळ्यावर येते. मग प्रत्येकाने आपापला फोन काढून खाते प्रायव्हेट करायचे, व्हॉट्सॲपवर डीपी फक्त ओळखीच्यांना दिसेल आणि अनोळखी माणूस ग्रुपमध्ये घेऊ शकणार नाही असे करायचे, दोन टप्प्यांचा पिन लावायचा. ज्याला येते त्याने शेजाऱ्याला शिकवायचे. ज्याच्याकडे फोन नाही त्याने आईच्या फोनवर घरी जाऊन करायचे. तेरा वर्षांखालच्या मुलांना इन्स्टाग्राम, फेसबुकवर खाते काढायला कंपन्यांचीच बंदी आहे. वय खोटे सांगून काढलेले असेल तर तेही इथे बोलता येते, न रागावता.

शेवटी जोडीने एक सराव घ्या. एकाने धमकी देणारा व्हायचे, दुसऱ्याने उत्तर द्यायचे: “मी घरी सांगितलं आहे.” आधी मुले हसतात. तिसऱ्या-चौथ्या वेळी ते वाक्य न अडखळता निघते. धमकी देणाऱ्याच्या धंद्याचा आधार मुलाचे गप्प राहणे हाच असतो, त्यामुळे या वाक्यानंतर त्याच्याकडे फारसे काही उरत नाही. पालकांचा वेगळा अर्धा तास ठेवा आणि त्यांनाही त्यांचे पहिले वाक्य मोठ्याने म्हणायला लावा.

मूल अचानक फोन लपवू लागले, रिंग वाजली की दचकते, सारखे पैसे मागते, जुने मित्र टाळते, हातावर कापल्याच्या खुणा दिसतात, ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असे बोलते, तर थांबू नका. “तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?” असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मुलाला बोलायला वाट मिळते. त्या दिवसांत त्याला एकटे ठेवू नका आणि घरातले कीटकनाशक, गोळ्या हाताशी राहू देऊ नका. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीन मुलांसाठी ‘मैत्री क्लिनिक’ चालते, तिथे समुपदेशक असतात.

हे क्रमांक कागदावर मोठ्या अक्षरात लिहून अभ्यासिकेत आणि घरात बटणांच्या बोर्डाशेजारी चिकटवावेत. पैसे गेले असतील तर १९३०, आणि तेही लगेच, कारण पहिल्या काही तासांत रक्कम बँकेत अडवता येते. अठरा वर्षांखालील मुलासाठी १०९८, चोवीस तास, मोफत. जिवाला धोका असेल तर ११२. मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६. तिथे मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत, आणि मूल बोलायला तयार नसेल तर आई किंवा वडिलांनी स्वतः फोन करून काय करावे ते विचारले तरी चालते.